तोच फोड, तीच जागा: हर्पिस परत का येतो आणि तो ओळखायचा कसा

फोड आज दिसला म्हणून लागणही आजच झाली, असं हर्पिसच्या बाबतीत धरून चालत नाही. या आजाराची एवढी एकच गोष्ट लोकांना नीट कळली, तरी कितीतरी घरांतली भांडणं टळतील असं मला वाटतं. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीतलं जोडपं डोळ्यांसमोर आणा. लग्नाला आठ-दहा वर्षं झालेली. दोघांपैकी एकाला अचानक जांघेपाशी पाण्याने भरलेल्या पुळ्यांचा झुबका येतो. डॉक्टर ‘हर्पिस’ म्हणतात. मोबाइलवर शोधलं की ‘लैंगिक संबंधातून पसरतो’ हे वाक्य सगळ्यात वर येतं. त्या रात्री घरात औषधाची चर्चा होत नाही, उलटतपासणी होते.

प्रत्यक्षात ती लागण लग्नाआधीची असू शकते. जोडीदाराकडून आली असेल, तर त्यालाही आपल्या अंगात विषाणू आहे याचा पत्ता नसू शकतो, कारण ज्यांना हा विषाणू असतो त्यांच्यातल्या बहुतेकांना लक्षणं येतच नाहीत किंवा इतकी किरकोळ येतात की ती केसतूड, पॅडची अ‍ॅलर्जी, उन्हाळ्यातलं घामोळं म्हणून सोडून दिली जातात. पहिला ठळक फोड लागणीनंतर काही वर्षांनीही येऊ शकतो. त्यामुळे फोडाच्या तारखेवरून कुणाच्या वागणुकीचा निवाडा करता येत नाही. कुठलीही लॅब तो करून देऊ शकत नाही.

माझं औषधांचं दुकान कोपरखैरण्याला आहे. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे. कोणाला कोणती गोळी द्यायची हे ठरवणं माझं काम नाही, पण ती गोळी शरीरात काय करते आणि अमुक मलम का उपयोगाचं नाही हे सांगणं माझ्या कामात बसतं. ‘जरा बाजूला बोलायचं होतं’ म्हणत गर्दी ओसरायची वाट बघणारे लोक काउंटरवर नेहमी येतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

विषाणू राहतो कुठे

हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत, टाइप १ आणि टाइप २. ढोबळमानाने टाइप १ ओठ आणि तोंडाचा, टाइप २ जननेंद्रियांचा. पण ही विभागणी काही पक्की नाही. ओठावर फोड असलेल्या माणसाकडून मुखमैथुनातून टाइप १ खालीही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये टाइप १ आहे आणि १५ ते ४९ या वयात सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये टाइप २ आहे. टाइप १ बहुतेकांना लहानपणीच मिळतो, आजी-आजोबा, मावशी-काकांच्या पाप्यांतून. तेव्हा ताप उतरल्यावर ओठाच्या कडेला जे फोड येतात आणि ज्यांच्याबद्दल आपण चारचौघांत बिनदिक्कत बोलतो, ते याच कुटुंबातले. फोड कमरेखाली आला की मात्र माणूस गुन्हेगार ठरतो. विषाणू तोच, लाज जागेप्रमाणे बदलते.

नागीण हा वेगळा आजार आहे, जरी डॉक्टर तिला ‘हर्पिस झोस्टर’ म्हणत असले तरी. ती कांजण्यांच्या विषाणूमुळे होते, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. रिपोर्टवर ‘हर्पिस’ शब्द दिसला म्हणून दोन्हींची गल्लत करू नका.

आता मुख्य गोष्ट. विषाणू त्वचेतून किंवा ओल्या नाजूक अस्तरातून आत शिरतो, तिथे वाढतो आणि त्या जागेच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या टोकातून वर सरकत त्या तंतूच्या पेशींच्या गाठीपर्यंत पोचतो. या गाठींना गँग्लिऑन म्हणतात. ओठाच्या विषाणूचा मुक्काम कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या भागात असलेल्या गाठीत. जननेंद्रियांच्या विषाणूचा मुक्काम माकडहाडाच्या जरा वर, मणक्यालगतच्या गाठींमध्ये. त्वचेवरचा फोड बरा होतो, पण गाठीतला विषाणू तिथेच राहतो. तो वाढत नाही, पेशी मारत नाही, जवळजवळ काहीच करत नाही. म्हणून शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला पूर्णपणे हुसकावू शकत नाही.

मधूनच तो जागा होतो आणि त्याच तंतूवरून खाली त्वचेकडे येतो. रात्री सानपाड्याच्या कारशेडमध्ये उभी असलेली लोकल सकाळी निघाली की ठरलेल्या रुळांवरूनच धावते, ती अचानक पाम बीच रोडवर दिसत नाही. तसंच हे. म्हणूनच फोड दर वेळी त्याच जागी किंवा तिच्या आसपास येतो. एकाच गाठीतून निघणारे तंतू मात्र नितंबांपर्यंत, मांडीच्या मागच्या बाजूपर्यंत आणि गुदद्वाराभोवतीही पसरलेले असतात. त्यामुळे लागण पुढून झाली आणि फोड दर खेपेला नितंबावर उठतो, असंही होतं. नितंबावर एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं ‘गळू’ येतं म्हणून अँटिबायोटिक खाणारे लोक असतात. त्यांच्यापैकी काहींचं ते गळू नसतं.

पहिली खेप आणि नंतरच्या खेपा

संपर्कानंतर साधारण २ ते १२ दिवसांत पहिली लक्षणं येतात, आली तर. शरीराला हा विषाणू अगदी नवा असेल तर पहिली खेप जोरात असते. ताप, अंग मोडून येणं, डोकेदुखी, आणि जांघेत दोन्हीकडे अवधाण. मग लालसर भागावर दाटीवाटीने बारीक फोड, ते फुटून झालेल्या उथळ जखमा आणि लघवीला बसलं की जीव जाईल अशी आग. बायकांना हा त्रास सहसा जास्त होतो. पहिल्या आठवड्यातल्या जखमा भरत येतात तोवर दुसऱ्या आठवड्यात नवे फोड उठतात, म्हणून ‘औषध लागू पडत नाही’ असं वाटतं. उपचार न करता हे सगळं दोन ते चार आठवडे चालतं. आगीमुळे किंवा मज्जातंतूंच्या दाहामुळे लघवी अडून राहिली, तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

लहानपणी टाइप १ होऊन गेलेला असेल आणि मोठेपणी टाइप २ आला, तर आधीच्या प्रतिपिंडांमुळे ही पहिली खेप बरीच सौम्य होते. आपल्याकडे अशी माणसं भरपूर. ‘मला काही मोठं झालंच नाही’ असं सांगणाऱ्यांचं खरं असतं.

परत येणारी खेप वेगळी असते, आणि ती ओळखता आली की अर्धं काम झालं. फोड दिसायच्या आधी त्या जागी काहीतरी जाणवू लागतं. कुणाला झिणझिण्या येतात, कुणाला नुसती खाज, कुणाला आतून चुरचुर. टाइप २ वाल्यांना कधी कंबरेतून नितंबाकडे, मांडीच्या मागून पायात सणक जाते आणि ते ती बसून काम केल्यामुळे आली असेल म्हणून सोडून देतात. काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत हे चालतं. कधी एवढ्यावरच थांबतं, फोड येतच नाही. येतो तेव्हा लाल चट्टा, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन-चार पाणीदार फोड एकमेकांना खेटून, एक-दोन दिवसांत फुटून ओलसर जखम, मग खपली. ओल्या नाजूक जागी खपली धरत नाही, जखम तशीच भरते. ताप नसतो, फोड सहसा एका बाजूलाच येतात, आणि सगळं आठवडा-दहा दिवसांत आटपतं. व्रण राहत नाही.

हे झालं पुस्तकातलं वर्णन. प्रत्यक्षात फोड दिसतोच असं नाही. घाम, घट्ट अंतर्वस्त्रं आणि चालण्याची घासाघीस यांत तो दिसायच्या आधीच फुटतो आणि माणसाला फक्त एक चीर किंवा सोललेली जागा दिसते. नखाने खरचटल्यासारखी. अशी चीर त्याच जागी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पडली, तर तिला चीर म्हणून सोडू नका. त्याच जागी, आधी तीच सूचना देऊन, तेवढेच दिवस: हर्पिसची ओळख या तीन गोष्टींच्या जोडीत आहे. एकट्या फोडाच्या रूपावरून अनुभवी डॉक्टरही फसतात.

मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणं हा साधा उपाय आहे. डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत बहुतेक वेळा फोड भरून गेलेला असतो आणि दाखवायला काहीच उरत नाही. फोटोबरोबर तारीख आपोआप येते. त्याखाली पाळीची तारीख, त्या आठवड्यातला ताप आणि घेतलेली गोळी एवढं टिपलं तरी डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

हर्पिससारखं दिसणारं दुसरं काही

घेतलेली गोळी टिपा म्हटलं, त्यामागे कारण आहे. ‘तोच डाग, तीच जागा, पुन्हा पुन्हा’ हे वर्णन अजून एका गोष्टीला तंतोतंत लागू पडतं आणि औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला ती विसरता येत नाही. काही लोकांना विशिष्ट गोळीची अशी अ‍ॅलर्जी असते की ती घेतली की काही मिनिटांत किंवा काही तासांत ठरलेल्या जागी, बऱ्याचदा लिंगाच्या टोकावर किंवा ओठावर, गोल जांभळट-लाल डाग उठतो. कधी त्यावर फोड येतो आणि सोलवटतं. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. पावसाळ्यात बाहेरचं खाऊन पोट बिघडलं की घेतल्या जाणाऱ्या ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलसारख्या जोडगोळ्या, काही वेदनाशामकं, को-ट्रायमॉक्सॅझोल, डॉक्सिसायक्लिन ही त्यातली नेहमीची नावं. फरक असा की बरं झाल्यावर काळपट डाग मागे राहतो आणि तो महिनोनमहिने जात नाही. वर्षातून दोनदा ‘हर्पिस’ होणाऱ्याला खरं तर दोनदा जुलाब झालेले असतात! अशा माणसाला विषाणूविरोधी गोळ्या देऊन काहीच होत नाही. ती एक गोळी कायमची बंद करायची असते.

उलट्या बाजूची चूक जास्त महागात पडते. जननेंद्रियावर एकच जखम, कडा टणक, आणि अजिबात दुखत नाही, तर ती हर्पिसऐवजी सिफिलिसची असण्याची शक्यता मोठी. ती तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते आणि माणूस निर्धास्त होतो, पण आजार आत चालूच राहतो. सिफिलिस पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो, फक्त तो आहे हे कळायला हवं. म्हणून कमरेखालच्या कुठल्याही जखमेला एकदा तरी रक्ताची व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची) आणि एचआयव्ही चाचणी करून घ्यावी. हर्पिस नक्की आहे असं डॉक्टर म्हणाले, तरीही.

बाकीच्यांचं थोडक्यात. केसाच्या मुळाशी एक पिवळट टोकाची पुळी म्हणजे केसतूड, शेव्हिंगनंतर विशेष. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरातल्या इतरांनाही तेच म्हणजे खरूज. गालाच्या आतल्या बाजूला किंवा जिभेखाली पांढरट जखमा वारंवार येतात ते तोंड येणं. परत येणारा हर्पिस सहसा ओठाच्या बाहेरच्या कडेवर असतो.

आणि नायटा. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत जांघेत नायटा नसलेलं घर सापडणं कठीण, आणि त्यावर लावायच्या तीन-चार औषधं एकत्र घातलेल्या ट्यूबाही घरोघरी. त्यांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं तेज स्टेरॉइड असतं. ते लावलं की खाज आणि लाली झटकन बसते, म्हणून लोक खूश. हर्पिसच्या जखमेवर हेच मलम लावलं की त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. शेजाऱ्याने दिलेली ट्यूब फोडावर लावू नका. चुना, टूथपेस्ट, डेटॉलही नको. मिठाच्या कोमट पाण्याने धुणं, सुती सैल कपडे आणि लघवी करताना त्या जागेवर पाणी ओतत राहणं यांनी जेवढा आराम पडतो तेवढा या कशानेच पडत नाही.

किती वेळा, आणि कशामुळे

जननेंद्रियांवरचा टाइप २ पहिल्या वर्षात सरासरी चारेक वेळा परततो. काहींना सहा-सातदा किंवा त्याहूनही जास्त, काहींना एकदाही नाही. टाइप १ खाली आला असेल तर पहिल्या वर्षात सरासरी एखादी खेप, पुढे त्याहून कमी. अनेकांना परत येतच नाही. दोन्हींत वर्षं जातात तशा खेपा विरळ होतात. म्हणून कोणता टाइप आहे हे एकदा कळून घेण्यात अर्थ आहे. ‘हर्पिस आहे’ एवढ्याने पुढचा अंदाज बांधता येत नाही.

ओठावरच्या फोडाला दोन गोष्टी हमखास डिवचतात: ताप आणि कडक ऊन. मे महिन्यात मैदानावर दिवसभर क्रिकेट खेळणाऱ्यांनी किंवा बाइकवर डिलिव्हरी करणाऱ्यांनी ओठांना सनस्क्रीन असलेला लिप बाम लावला तर फरक पडतो. खालच्या फोडाला पाळी, घासाघीस, दुसरा एखादा आजार, ऑपरेशन ही निमित्तं होतात. ताणाचा संबंध आहे, पण एका दिवसाच्या कटकटीचा नाही. ऐरोलीत आठवडेच्या आठवडे नाइट शिफ्ट, वर अपुरी झोप, अशा लांबलेल्या ताणाचा आहे. आणि कितीतरी खेपा काहीही कारण नसताना येतात. हे सांगितलं की लोकांचा विरस होतो. त्यांना आंबा, कोंबडी, मिरची यांपैकी काहीतरी दोषी ठरवून हवं असतं. ‘अंगातली उष्णता’ फोडातून बाहेर पडते असं मानून आहार सोडण्याला आधार नाही. हापूस खुशाल खा.

एक अपवाद गंभीरपणे घ्यायचा. खेपा अचानक वाढल्या, जखमा मोठ्या झाल्या, महिना होऊनही भरत नसतील, तर प्रतिकारशक्ती कुठेतरी खाली आली आहे का हे बघावं लागतं. एचआयव्ही, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या ही त्याची नेहमीची कारणं. नातं उलटंही आहे: टाइप २ असलेल्या माणसाला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो.

चाचणी कोणती आणि कधी

फोड ताजा असताना, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत, त्याच्या तळाचा स्वॅब घेऊन पीसीआर करणं हा पक्का मार्ग. विषाणू आहे का आणि कोणत्या टाइपचा, दोन्ही कळतं. खपली धरल्यावर केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येत नाही.

रक्ताच्या चाचण्यांनी मात्र आपल्याकडे जितका गोंधळ घातला आहे तितका आजाराने घातला नसेल. गर्भपात झाला की ‘टॉर्च’ नावाचा पॅनल सर्रास केला जातो. त्यात टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो यांच्याबरोबर हर्पिसही असतो. ‘हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह’ एवढी ओळ वाचून ती बाई हादरते, सासरी कुजबुज होते. आयजीजी पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच की कधीतरी शरीराची या विषाणूशी गाठ पडली. टाइप १ ची गाठ बहुतेकांची लहानपणीच पडलेली असते, मग शंभरातल्या कित्येकांचा रिपोर्ट असाच येणार. एकदा झालेल्या गर्भपाताचं खापर त्या ओळीवर फोडणं चूक आहे. आयजीएम तर त्याहून निरुपयोगी. ‘नवी लागण’ दाखवतो असं समजलं जातं, पण जुन्या विषाणूची खेप परत आली तरी तो पॉझिटिव्ह येतो आणि काही नसतानाही येतो. टाइप १ आणि २ वेगळे न दाखवणाऱ्या रिपोर्टवर पैसे घालवू नयेत. टाइपनुसार केलेला आयजीजी काही प्रसंगी उपयोगी पडतो, पण तो पॉझिटिव्ह व्हायला लागणीनंतर १२ आठवडेही लागू शकतात, आणि टाइप २ चा आकडा जेमतेम रेषेवर असेल तर तो चुकीचाही असू शकतो. लक्षणं नसताना, हौसेने किंवा धास्तीने ही चाचणी करू नये असंच जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

गोळ्या काय करतात, काय करत नाहीत

असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर या तीन गोळ्या वापरात आहेत. असायक्लोव्हिरची करामत अशी की ती निरोगी पेशीत जवळजवळ सुस्त पडून असते. विषाणूचं स्वतःचं एक विकर (एन्झाइम) तिला चेतवतं, आणि चेतलेलं औषध विषाणूच्या नव्या प्रती बनवण्याचं कामच बंद पाडतं. म्हणून दुष्परिणाम कमी. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना औषधनिर्मितीच्या नव्या तत्त्वांसाठी १९८८ चं नोबेल मिळालं, जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर विभागून. पण याच करामतीत तिची मर्यादाही आहे. गाठीत निजलेला विषाणू प्रती बनवतच नाही, मग बंद काय पाडणार? त्यामुळे कोर्स पूर्ण केला तरी हर्पिस मुळापासून जात नाही. परत आला म्हणजे गोळी बनावट होती असं नाही.

गोळ्या दोन तऱ्हांनी घेतात. खेप आली की तेवढ्यापुरत्या, किंवा रोज, महिनोनमहिने. पहिल्या तऱ्हेत वेळेला किंमत आहे. झिणझिण्या सुरू झाल्या की, फार तर फोड दिसल्यापासून एका दिवसात सुरू केली तर खेप लहान होते. चार दिवसांनी सुरू करून फारसं हाती लागत नाही. म्हणून वारंवार त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगून एक कोर्स घरात आणून ठेवावा. वर्षात सहा-आठ खेपा येत असतील किंवा मनावर फार ताण असेल तर डॉक्टर रोजची गोळी सुचवतात. तिने खेपा ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते, तेव्हा ते आधी सांगा आणि पाणी भरपूर प्या. असायक्लोव्हिरच्या मलमाचा ओठावर थोडा फायदा होतो, खालच्या जखमांवर ते जवळपास वाया जातं. तरी तेच सगळ्यात जास्त मागितलं जातं, कारण ट्यूब मागायला गोळीएवढी लाज वाटत नाही.

हर्पिसवर अजून कुठलीही लस वापरात नाही. ‘कायमचा मुळापासून’ अशी हमी देणारे गुप्तरोगवाले, ज्यांच्या चिकटवलेल्या जाहिराती लोकलच्या डब्यात वर्षानुवर्षं दिसतात, ते नेमक्या याच आजारावर जगतात. फोड आठवड्याभरात आपोआप बरा होणारच असतो. श्रेय त्यांच्या पुडीला जातं. पुढच्या खेपेला ‘पथ्य मोडलं’ म्हणून दोष पुन्हा रुग्णाला.

जोडीदार आणि बाळ

झिणझिण्या सुरू झाल्यापासून जखम पूर्ण भरून त्वचा पूर्ववत होईपर्यंत संबंध टाळायचे. पण फोड नसलेल्या दिवसांतही विषाणू त्वचेवर येऊन जातो. टाइप २ मध्ये १०० पैकी साधारण १० ते २० दिवस तो सापडतो. बहुतेक लागणी अशाच बिनफोडाच्या दिवशी, कुणालाही माहीत नसताना होतात. कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही, कारण आजूबाजूची त्वचा उघडीच राहते. ज्याला टाइप २ आहे त्याने रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतली तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका जवळपास निम्मा होतो. हे सगळं जोडीदाराला माहीत असेल तरच करता येतं. संडासच्या सीटवरून, पोहण्याच्या तलावातून, एकत्र धुतलेल्या कपड्यांतून हर्पिस येत नाही. विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही.

गरोदर बाईला जुना हर्पिस असेल तर घाबरण्यासारखं फार थोडं आहे. तिचे प्रतिपिंड बाळाला मिळालेले असतात आणि धोका एक टक्क्याहूनही कमी. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर मात्र नैसर्गिक प्रसूतीत बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून नवऱ्याला आहे आणि बायकोला नाही, असं जोडपं असेल तर शेवटच्या तिमाहीत खरी काळजी घ्यायची. प्रसूतितज्ज्ञांना आधीच सांगितलं असेल तर ते ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या सुरू करतात, आणि कळा सुरू होताना फोड किंवा झिणझिण्या असतील तर सिझेरियन करतात. लपवून ठेवलं तर यातलं काहीच होत नाही.

बाळ जन्मल्यावरचा धोका तर कमरेखालचाही नाही. बारशाला आलेल्या एखाद्या मावशीच्या ओठावर फोड असतो आणि ती कौतुकाने बाळाची पापी घेते. पहिल्या काही आठवड्यांत नवजात बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो. वाईटपणा आला तरी चालेल, ओठावर फोड असलेल्या माणसाला बाळापासून लांब ठेवा.

डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड सहन होत नाही, आणि ओठावर किंवा चेहऱ्यावर हर्पिस आहे किंवा होता, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. घरातले स्टेरॉइडचे थेंब अजिबात घालायचे नाहीत, बुबुळ जायबंदी होतं. तापाबरोबर असंबद्ध बोलणं, ओळख न पटणं किंवा फिट आली तर सरळ मोठ्या रुग्णालयात. मेंदूतला हर्पिस दुर्मिळ आहे, पण शिरेतून असायक्लोव्हिर जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.

जायचं कुठे

खासगी त्वचारोगतज्ज्ञ परवडत असेल तर उत्तम. नसेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतात. तिथे लैंगिक आजारांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. औषधांच्या किटांना रंग ठरवून दिलेले आहेत आणि हर्पिसच्या जखमांसाठीचं किट क्रमांक ५ लाल असतं, त्यात असायक्लोव्हिर. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, मोफत आणि गोपनीय होते. ठाण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना जिल्हा रुग्णालय किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिकेचं रुग्णालय. ओपीडीचे वार आधी विचारून जा. शंका फोनवरच विचारायची असेल तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही. केसपेपर काढताना खिडकीवर ‘त्वचा विभाग’ एवढं म्हटलं तरी पुरतं, बाकीचं डॉक्टरांच्या खोलीत बोलायचं.